सिस्टरपुढचा पेच

 

आज आपण सिस्टरबद्दल बोलणार आहोत. उपकेंद्रातली एएनएम ताई, चंद्रपूरच्या मोठ्या दवाखान्यात रात्रपाळी करणारी परिचारिका, आणि आपल्याच गावांतून नर्सिंग शिकायला गेलेल्या पोरी. कोरोनाच्या काळात या बायांनी किती काम केलं, हे आपण पुष्कळ ऐकलं. आपण त्यांच्यासाठी थाळ्याही वाजवल्या. पण त्या दिवसांत योग्य काय आणि अयोग्य काय हे त्यांना रोज, उभ्या उभ्या कसं ठरवावं लागत होतं, यावर आपण फारसं बोललो नाही. साथ पुन्हा येऊ शकते. तेव्हा पेचात सापडणारी सिस्टर तुमची लेक किंवा सून असू शकते. म्हणून हा विषय.

पेच म्हणजे काय?

चांगलं आणि वाईट यांतून निवडायचं असेल तर मन घट्ट करावं लागतं, पण काय निवडायचं ते कळतं. खरा पेच पडतो तो दोन्ही गोष्टी बरोबर असताना, आणि एकच करता येत असताना.

आपल्या गटाचंच उदाहरण घ्या. पेटीत पाच हजार रुपये आहेत. एकीला पोराच्या फीसाठी पाच हजार हवेत, दुसरीला बियाण्यासाठी पाच हजार हवेत. दोघींची गरज खरी आहे. अशा वेळी कोषाध्यक्ष बाई एकटी काही ठरवत नाही. आपण बैठकीत आधीच नियम केलेला असतो: आधी कोणाला, किती, कशासाठी. निर्णय सगळ्यांचा असतो, तो रजिस्टरला लिहिलेला असतो, आणि ज्या बाईला कर्ज मिळालं नाही ती कोषाध्यक्षाच्या दारात जाऊन भांडत नाही.

आता असं समजा की बैठक झालीच नाही, नियम नाही, रजिस्टर नाही, आणि रात्री दोन वाजता दोघीही कोषाध्यक्षाच्या दारात उभ्या आहेत. साथीच्या काळात सिस्टरची अवस्था अशी होते. फरक इतकाच की तिच्या पेटीत पैसे नसतात. तिथे खाट असते, प्राणवायू असतो, मास्क असतो, वेळ असतो.

सव्वाशे वर्षांपूर्वीची साथ

महाराष्ट्रात हा प्रश्न नवा नाही. १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि पुढच्या वर्षी पुण्यात पसरला. इंग्रज सरकारने १८९७ च्या फेब्रुवारीत साथरोगांचा कायदा केला. पुण्यात सैनिक घरात घुसून रुग्ण शोधू लागले, सामान बाहेर काढू लागले, बायाबापड्यांची तपासणी करू लागले. साथ रोखायची हा हेतू चुकीचा नव्हता. पण माणसांचा मान राहिला नाही, तशी माणसं घाबरली आणि घरातला रुग्ण लपवू लागली.

त्याच वर्षी, त्याच पुण्यात, सावित्रीबाई फुले काय करत होत्या? त्यांचा मुलगा यशवंत डॉक्टर होता. त्याला बोलावून त्यांनी हडपसरजवळ प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना सुरू केला. मुंढव्याच्या महारवाड्यातला पांडुरंग गायकवाड नावाचा मुलगा आजारी असल्याचं कळलं, तेव्हा सावित्रीबाईंनी त्याला स्वतःच्या पाठीवर घेऊन दवाखान्यात आणलं. त्यांना प्लेगची लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या.

ही गोष्ट आपण दर वर्षी सांगतो आणि सांगायलाच पाहिजे. पण त्यावरून एक चुकीचा धडा निघू नये. सावित्रीबाईंनी स्वतःहून पत्करलेलं मरण दुसऱ्या बाईकडून मागायचा हक्क आपल्याला मिळत नाही. 'ती नर्स आहे, तिने जीव धोक्यात घातलाच पाहिजे' असं म्हणणं सोपं असतं, कारण जीव तिचा असतो.

पहिला पेच : रुग्ण की आपलं घर?

नर्सिंगच्या मुली शिक्षणाच्या सुरुवातीला दिवा हातात घेऊन शपथ घेतात. तिला फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचं नाव आहे. रुग्णाची सेवा निष्ठेने करायची, त्याची खासगी गोष्ट बाहेर सांगायची नाही, असं त्या शपथेत आहे. नाइटिंगेलबाईंचा जन्म १८२० चा. त्यांच्या दोनशेव्या वर्षानिमित्त जागतिक आरोग्य संघटनेने २०२० हे साल परिचारिका आणि सुईणींचं वर्ष म्हणून आधीच ठरवलं होतं. नेमकं त्याच वर्षी त्यांच्या शपथेची अशी परीक्षा झाली.

मार्च २०२० नंतर अनेक ठिकाणी मास्क, हातमोजे, अंगभर घालायचा पोशाख पुरेसा नव्हता. मुंबईतल्या एका खासगी रुग्णालयात एप्रिलमध्ये पंचवीस परिचारिकांहून जास्त जणींना लागण झाली आणि ते रुग्णालय बंद करावं लागलं. आता अशा सिस्टरच्या जागी स्वतःला ठेवून बघा. समोर माणूस धापा टाकतो आहे. घरी दोन वर्षांचं लेकरू आहे, सासूला साखरेचा आजार आहे. साधा मास्क घालून जवळ जावं, तर घरी आजार नेईन. न जावं, तर शपथ मोडेन.

आपण रानात मोहफुलं वेचायला एकटीने जात नाही. चार जणी मिळून जातो, बोलत जातो, वनविभागाने सांगितलेलं ऐकतो. वाघाच्या भीतीने घरी बसणारी बाई भित्री नसते आणि एकटी जाणारी बाई शूर ठरत नाही. तयारी करून जाणं यालाच आपण शहाणपण म्हणतो. सिस्टरने 'मला आधी हातमोजे द्या' म्हटलं तर तीही तेच म्हणत असते. सिस्टर आजारी पडली तर पुढच्या पन्नास रुग्णांना कोण बघणार? आणि तिच्यामार्फत आजार दुसऱ्या रुग्णाला गेला तर? तिचं रक्षण हे रुग्णांचंच रक्षण आहे.

मार्च २०२० मध्येच केंद्र सरकारने कोरोनाशी लढणाऱ्या आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी ५० लाख रुपयांचा विमा जाहीर केला. आशाताईही त्यात होत्या. ते चांगलंच झालं. पण विमा माणूस गेल्यावर मिळतो आणि मास्क त्याआधी लागतो.

दुसरा पेच : प्राणवायू कोणाला?

एप्रिल २०२१ आपल्यापैकी कोणी विसरलेली नाही. चंद्रपुरात खाटा मिळेनाशा झाल्या. रुग्णाला गाडीत घालून तेलंगणापर्यंत खाट शोधत फिरणारी कुटुंबं आपण बातम्यांत पाहिली.

थोडा हिशोब करू, म्हणजे सिस्टरची अडचण कळेल. मोठ्या सिलिंडरमध्ये साधारण ७,००० लिटर प्राणवायू मावतो. एका रुग्णाला मिनिटाला १० लिटर लावला, तर सिलिंडर बारा तासही पुरत नाही. त्याच रुग्णाला ५ लिटर पुरेसा असेल, तर तोच सिलिंडर तेवीस तास जातो. म्हणजे नळ किती उघडायचा, हे बघणाऱ्या हातात दुसऱ्या माणसाचा श्वास असतो. आणि नातेवाईक म्हणत असतात, 'सिस्टर, जरा वाढवा ना.' तिला माहीत असतं की याचं प्रमाण आता ९५ आहे, वाढवायची गरज नाही, आणि पलीकडच्या खाटेवरच्या बाईचं ८६ आहे. पण हे ती कोणाला आणि कसं सांगणार?

या पेचातून वाट कशी निघते, हे आपल्याच राज्यातल्या एका आदिवासी जिल्ह्याने दाखवलं. नंदुरबारला तेव्हा डॉ. राजेंद्र भारूड जिल्हाधिकारी होते. ते स्वतः भिल्ल समाजातले आणि शिकून डॉक्टर झालेले. पहिली लाट ओसरत असतानाच तिथे प्राणवायू तयार करणारे प्रकल्प उभारायला सुरुवात झाली होती. दुसऱ्या लाटेत त्यांनी आणखी एक साधी व्यवस्था केली: 'ऑक्सिजन नर्स'. ठरावीक रुग्णांमागे एक परिचारिका, आणि तिचं काम एकच. थोड्या थोड्या वेळाने प्रत्येकाचं प्रमाण बघायचं, गरजेइतकाच प्रवाह ठेवायचा, जेवताना किंवा उठून गेल्यावर नळ उघडा राहू द्यायचा नाही. पुढे राज्यातल्या इतर जिल्ह्यांनाही ही पद्धत घ्यायला सांगितलं गेलं.

यातून काय झालं ते नीट बघा. तिथल्या सिस्टरनेही प्रवाह कमी केलाच. पण तो तिने एकटीने, घाबरत, चोरून केला नाही. तिला ते काम नेमून दिलेलं होतं, नियम ठरलेला होता, वरचा अधिकारी पाठीशी होता. आणि मुळात प्राणवायू तयार करायची सोय आधी झाल्यामुळे 'याला की त्याला' हा प्रश्नच कमी वेळा आला. आज मला तुम्हाला सांगायची मुख्य गोष्ट हीच आहे. वरच्या माणसांनी जो निर्णय वेळेत घेतला नाही, तो शेवटी सिस्टरच्या हातावर येऊन पडतो. आणि तिने काहीही केलं तरी दोष तिला लागतो.

तिसरा पेच : नाव सांगावं की झाकावं?

आता मोठ्या दवाखान्यातून आपल्या गावात येऊ. एप्रिल २०२० मध्ये तेलंगणात मिरची तोडायला गेलेले आपल्या भागातले मजूर पायी परत आले. कोणी रानातून आले, कोणी रात्री आले. गावाला भीती. शाळेत चौदा दिवस ठेवायचं ठरलं. तो नेमका मोहाचा हंगाम. ताडोबाची सफारी बंद, गाइड आणि जिप्सीवाले घरी बसलेले. चौदा दिवस कोंडलं तर मोहफूल गेलं, आणि मोहफूल गेलं तर पावसाळ्याचं काय?

समजा, अशा घरची बाई एएनएम ताईला म्हणते, 'ताई, माझ्या नवऱ्याचं नाव लिहू नका.' ताईला तिच्या चुलीची स्थिती माहीत आहे. पण शेजारी बाळंतीणही आहे.

इथे दोन गोष्टी वेगळ्या करायला शिकलं पाहिजे. आरोग्य खात्याच्या रजिस्टरला नाव लिहिणं वेगळं आणि गावाच्या व्हाट्सअॅप ग्रुपवर नाव टाकणं वेगळं. पहिलं ताईचं कर्तव्य आहे, कारण त्यावर तपासणी आणि इतरांचं रक्षण अवलंबून असतं. दुसरं तिने कधीच करू नये. भारतीय परिचर्या परिषदेच्या आचारसंहितेतही रुग्णाची खासगी माहिती जपावी आणि विचारपूर्वक, गरजेपुरतीच द्यावी असं सांगितलं आहे. आपण गावच्या बाया तिला 'कोणाकोणाला निघाला गं?' असं विचारतो, तेव्हा आपणच तिला शपथ मोडायला लावत असतो.

आणि मोहफुलाचं काय? तो प्रश्न ताई सोडवू शकत नाही. तो गाव सोडवू शकतं. त्या घरचा मोह शेजारणींनी वेचून दिला, गटाने किराणा पोचवला, तर त्या बाईला नाव लपवायची गरजच पडत नाही. माणूस खोटं बोलतो ते बहुतेक वेळा पोटासाठी.

चौथा पेच : शेवटची भेट

कोरोनात अनेकांना आपल्या माणसाचा चेहराही बघायला मिळाला नाही. दारात रडणाऱ्या लेकीला आत सोडायचं नाही, असा नियम. तिला अडवायचं काम सिस्टरचं. काही सिस्टरांनी स्वतःच्या फोनवरून व्हिडिओ कॉल लावून दिला.

पण एक गोष्ट अनेकांना माहीतच नव्हती. केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने मार्च २०२० मध्येच जी सूचना काढली होती, तिच्यात अंगाला हात न लावता, पिशवीची चेहऱ्याकडची बाजू उघडून नातेवाइकांना अंत्यदर्शन देता येईल, असं लिहिलेलं होतं. स्पर्श न करता होणारे धार्मिक विधीही करता येत होते. नियम कागदावर होता, पण तो सगळीकडे नातेवाइकांपर्यंत आणि वॉर्डातल्या सिस्टरपर्यंत पोचला नाही. मग तिने 'नाही' म्हटलं की ती दगडाच्या काळजाची, आणि 'हो' म्हटलं की नियम मोडणारी. ज्या गोष्टीचं उत्तर आधीच लिहिलेलं होतं, तिचंही ओझं तिनेच वाहिलं.

पाचवा पेच : समजूत की सक्ती?

१६ जानेवारी २०२१ पासून लस सुरू झाली, आधी आरोग्य कर्मचाऱ्यांना. नंतर गावोगाव शिबिरं लागली. अफवा तुम्हाला आठवत असतील. लस घेतली की माणूस मरतो, मूल होत नाही. सिस्टरवर वरून आकड्यांचा दबाव, आणि समोर घाबरलेली माणसं. 'रेशन बंद होईल' म्हटलं की रांग लागते. पण तसं म्हणावं का?

लस चांगली आहे हे तिला माहीत होतं. तरी धाकाने टोचलेली सुई पुढचा विश्वास घालवते. पुण्याच्या प्लेगने हेच शिकवलं होतं. सर्वोच्च न्यायालयानेही २ मे २०२२ च्या निकालात सांगितलं की कोणालाही लस घ्यायची सक्ती करता येत नाही. मग उरतं ते समजावणं. त्याला वेळ लागतो, आणि आपल्या भागात ते गोंडीतून, माडियातून, ओळखीच्या बाईच्या तोंडून सांगावं लागतं. गटाच्या अध्यक्षाने आधी लस घेतली आणि दुसऱ्या दिवशी ती शेतात दिसली, की दहा भाषणांचं काम होतं.

सहावा पेच : संप करावा का?

१५ जून २०२१ ला राज्यातल्या आशाताई संपावर गेल्या. त्याच महिन्यात परिचारिकांच्या संघटनेनेही मागण्यांसाठी काम थांबवलं. साथ पुरती गेलेली नव्हती. 'अशा वेळी संप?' असं पुष्कळांनी म्हटलं. प्रश्न खरा आहे, कारण संपाचा त्रास गरीब रुग्णालाच होतो. पण दुसरी बाजूही खरी आहे. तुटपुंजं मानधन, रजा नाही, रिकाम्या जागा भरलेल्या नाहीत, हे एरवी कोण ऐकतं? पुढे राज्य सरकारने आशांचं मानधन वाढवायचं मान्य केलं आणि त्यांचा संप मिटला. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारताच्या आशांचा सन्मान केला. सन्मान मिळाला याचा आनंद आहेच. पण सेवा करणारी बाई हक्क मागते तेव्हा ती स्वार्थी होत नाही, एवढं आपण लक्षात ठेवावं. आपल्या शेतमजुरीबद्दल आपण हेच म्हणतो ना?

आपण काय करू शकतो?

काही पेच सिस्टरचेच राहणार. मरणाऱ्या माणसाला खरं किती सांगावं, रडणाऱ्याचा हात हातमोज्यातून किती वेळ धरावा, हे नियमाने ठरत नाही. पण बाकीचं ओझं आपण वाटून घेऊ शकतो. त्यासाठी पाच कामं सांगते.

पहिलं, साथ नसताना प्रश्न विचारा. गावात ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती असते. तिच्यात बाया असतात, आशाताई असते, आणि तिला थोडा निधीही मिळतो. प्राथमिक आरोग्य केंद्राला रुग्ण कल्याण समिती असते. तिथे विचारा: मास्क, हातमोजे किती शिल्लक आहेत? ऑक्सिमीटर चालू आहे का? साथ आली तर वेगळं ठेवायची जागा कोणती, आणि तिथे संडास, पाणी, दिवा आहे का? ग्रामसभेत हे लिहून घ्या.

दुसरं, गटात ठराव करा की आजारी माणसाचं नाव आपण कोणाला विचारणार नाही आणि पुढे पाठवणार नाही.

तिसरं, सिस्टरच्या घराकडे बघा. कोरोनात अनेक ठिकाणी घरमालकांनी परिचारिकांना खोली रिकामी करायला सांगितलं. आपल्या गावात तसं होऊ द्यायचं नाही. तिचं लेकरू सांभाळायला, डबा द्यायला दोन घरं आधीच ठरवा. तिच्यावर हात उचलणाऱ्यासाठी कायदाही आहे. त्याच १८९७ च्या कायद्यात २०२० साली दुरुस्ती झाली. साथीच्या काळात आरोग्य कर्मचाऱ्यावर हल्ला केला तर तीन महिने ते पाच वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो. जबर दुखापत केली तर शिक्षा त्याहून जास्त.

चौथं, तक्रार योग्य जागी करा. औषध नाही, खाट नाही, हा दोष समोर उभ्या असलेल्या सिस्टरचा बहुतेक वेळा नसतो. वैद्यकीय अधिकाऱ्याला, तालुका आरोग्य अधिकाऱ्याला लेखी द्या. आरोग्य सल्ल्यासाठी १०४ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ हे क्रमांक भिंतीवर लिहून ठेवा. सिस्टरचं खरंच चुकलं असेल तर तेही लिहा. चूक झाकणं म्हणजे तिला आधार देणं नव्हे.

पाचवं, नर्सिंग शिकणाऱ्या पोरींसाठी. पोरींनो, पेच पडला की एकटीने गिळू नका. वरिष्ठ सिस्टरला सांगा, डॉक्टरांना विचारा, जे सांगितलं ते रजिस्टरला नोंदवा. शिकवलेलं नसलेलं काम दिलं तर 'मला आधी दाखवा' म्हणा. हे बोलणं उद्धटपणा नाही, रुग्णाच्या भल्याचं आहे. आणि रात्री झोप येत नसेल, केलेल्या निर्णयाचा चेहरा सारखा डोळ्यांपुढे येत असेल, तर कोणाजवळ तरी मन मोकळं करा.

मैत्रिणींनो, पुढच्या मासिक बैठकीत हिशोब झाला की दहा मिनिटं या विषयाला द्या. शक्य असेल तर तुमच्या उपकेंद्राच्या ताईला बोलावून घ्या. तिला आधी चहा द्या आणि मग एवढंच विचारा, 'ताई, त्या वेळी तुम्हाला सगळ्यात अवघड काय गेलं होतं?' आणि ती बोलेल तेव्हा मधे बोलू नका. ती जे सांगेल त्यातलं आपल्या गावाला काय करता येईल, ते ठरावाच्या वहीत लिहा.